गावाची राखण: मागापासून हजेरीपर्यंत



गटाची पिठाची गिरणी असो, शेळ्यांचा गोठा असो, नाहीतर बाजारात मांडलेलं पापड-कुरडयांचं दुकान असो, धंदा उभा राहिला की त्याच्यामागून एक काळजी येतेच. रात्रीतून मोटार काढून नेली तर? शेळ्या सोडून नेल्या तर? गल्ला फोडला तर? मग आपण मोठं कुलूप आणतो. कुणीतरी कॅमेरा बसवायचं सुचवतं. आज मी तुम्हाला कॅमेरा आणि पोलीस ठाणं येण्याच्या आधीच्या काळातलं सांगणार आहे. दोनशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखात चोरी झाली तर गाव काय करायचं, आणि ती पद्धत पुढे कशी मोडली, हे समजून घेण्यासारखं आहे.

१८१८ साली पेशवाई संपली आणि इंग्रजांचा अंमल आला. नव्या मुलखाचा कारभार पाहायला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा अधिकारी होता. इथं आधी कारभार कसा चालायचा याची चौकशी करून त्यानं १८१९ साली एक मोठा अहवाल लिहिला. त्यात गावच्या राखणीची पद्धत बारकाईनं दिलेली आहे.

गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाची. त्याच्या हाताखाली राखणदार, म्हणजे जागल्या. हे काम बहुतेक गावांत महारांकडे असे, काही भागांत रामोशांकडे, तर खानदेशाच्या बाजूला भिल्लांकडे. जागल्यानं रात्री गस्त घालायची. गावात कोण आलं, कोण गेलं, यावर नजर ठेवायची. परका माणूस दिसला तर पाटलाला कळवायचं. गावातल्या प्रत्येक माणसाची चालचलणूक त्याला माहीत असली पाहिजे, अशी अपेक्षा असे.

आता हे सगळं त्याला माहीत कसं व्हायचं? त्याचं उत्तर त्याच्या मोबदल्यात आहे. जागल्याला पगार नव्हता. घराघरातून धान्याचा थोडा थोडा वाटा मिळायचा. तो गोळा करायला त्याला दारोदार फिरावं लागे. कुणाच्या खळ्यावर किती रास पडली, कुणाच्या घरी पाहुणा आला, कुणाची गाय व्याली, हे फिरता फिरता कळत जाई. त्याचं पोटच घराघराशी बांधलेलं होतं, त्यामुळे त्याची नजरही घराघरात होती. एल्फिन्स्टननं ही गोष्ट नेमकी टिपली आहे.

चोरी झाली की जागल्या माग काढायला निघायचा. माग म्हणजे पावलांचा ठसा. ठशावरून ठसा शोधत तो शिवेपर्यंत जायचा. माग शेजारच्या गावच्या हद्दीत गेला आहे हे तिथल्या जागल्याला पटवून दिलं, की याचं काम संपलं. मग पुढचा माग त्यानं काढायचा. असं गावोगाव चालायचं. ज्या गावापर्यंत माग नक्की पोचला आणि तिथून पुढे निघाला नाही, त्या गावावर चोरीच्या मालाची भरपाई यायची. माग गावाबाहेर गेलाच नाही, तर ज्या गावात चोरी झाली त्याच गावानं ती द्यायची. आधी जागल्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे भरायचं, उरलेली रक्कम सगळ्या गावावर बसायची.

विचार करा, यातून काय साधत असेल? एका वाण्याचं दुकान फुटलं तर तो तोटा त्या वाण्यापुरता राहत नव्हता. भरपाई सगळ्या गावाला लागणार, म्हणून दुकानावर सगळ्या गावाचं लक्ष राहायचं. चोरीचा माल कुणी घरात दडवून ठेवला तर ते शेजाऱ्यालाही महागात पडायचं.

पण मैत्रिणींनो, जुनं ते सगळं सोनं असं समजू नका. पूर्ण भरपाई दरवेळी मिळत नसे, पुष्कळदा दंडावर भागायचं. काही जागले स्वतःच चोरांना सामील असत आणि काही पाटीलही चोरांना आसरा देत, हेही त्याच अहवालात आहे. शिक्षा कडक होत्या. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जो गावाची राखण करायचा, त्याला गावात घर नव्हतं. गावकुसाच्या आतल्या मालमत्तेसाठी रात्र जागवणारा माणूस गावकुसाबाहेर राहायचा. धान्याचा वाटा तुटपुंजा आणि काम मात्र चोवीस तास. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाबद्दल विधेयक मांडलं, ते याच अन्यायावर बोट ठेवून. काम ठरवून द्या आणि त्याचा मोबदलाही ठरवून द्या, हा त्या मागणीचा गाभा होता.

ही झाली गावातली राखण. व्यापाऱ्याचा पैसा गावाबाहेर जायचा तेव्हा काय? पुण्याहून इंदूरला किंवा सुरतेला रुपयांच्या थैल्या पाठवायच्या म्हणजे वाटेत दरोड्याची भीती. म्हणून सावकार हुंडी लिहायचे. इथल्या पेढीवर रुपये भरायचे, चिठ्ठी घ्यायची आणि ती दाखवून दुसऱ्या शहरातल्या पेढीवर रुपये घ्यायचे. वाटेवरून फक्त कागद जायचा.

मग कागदच चोरीला गेला तर? त्याचीही सोय होती. शाहजोग हुंडी नावाचा एक प्रकार होता. तिचे पैसे पेठेतल्या ओळखीच्या, पत असलेल्या शहालाच, म्हणजे सावकारालाच, मिळायचे. अनोळखी माणूस ती घेऊन आला तर त्याच्या हाती काही लागत नसे. हुंडी हरवली तर दुसरी प्रत मिळायची, तिला पैठ म्हणत. तीही हरवली तर तिसरी मिळायची, तिचं नाव परपैठ. जोखमी हुंडी तर मालाशीच जोडलेली असे. माल सुखरूप पोचला तरच पैसे द्यायचे, वाटेत बुडाला तर नाहीत. आजच्या विम्याचीच ही एक जुनी तऱ्हा.

जागल्या आणि हुंडी यांत एक गोष्ट सारखी दिसते. दोन्हीकडे आधार ओळखीचा होता आणि नुकसान झालं तर ते कुणावर पडणार हे आधीच ठरलेलं होतं.

इंग्रजी अमलात हे हळूहळू बदललं. पगारी पोलीस आले. १८६७ साली ग्रामपोलिसांचा कायदा झाला. पाटील राहिला, पण बंदोबस्ताची सूत्रं सरकारी खात्याकडे गेली. ज्यांचं पोट राखणीवर होतं त्यांच्या हक्कांवर गदा आली. पुरंदर तालुक्यातल्या भिवडीचे उमाजी नाईक रामोशी समाजाचे. गडकोटांची आणि गावांची राखण हा या समाजाचा पिढीजात हक्क. हे हक्क जाऊ लागले तेव्हा उमाजी नाईकांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं. पुण्यात त्यांना फाशी झाली.

पुढे तर उलटंच घडलं. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आधी उत्तरेकडे लागू झाला आणि १९११ च्या कायद्यानं त्याची व्याप्ती साऱ्या देशापर्यंत वाढवली. आपल्याकडच्या पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट अशा कितीतरी समाजांवर शिक्का बसला. गुन्हा कुणी केला हे न बघता, जन्मानंच माणूस गुन्हेगार ठरला. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर परवाना काढायचा. कित्येक कुटुंबांना तारेच्या कुंपणात ठेवलं. सोलापुरात त्या जागेला आजही सेटलमेंट म्हणतात. पूर्वी गावाची राखण करणाऱ्या रामोशांचं नावही आज विमुक्त जातींच्या यादीत आहे. ज्याच्या भरवशावर गाव झोपायचं, त्याच्याच नावावर संशय लिहिला गेला.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणून तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण कायदा गेला तरी सवय गेली का? गावात मोटार चोरीला गेली की पहिली बोटं कुणाकडे वळतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. माळावर पालं पडली असतील तर काही लोक थेट तिकडेच जातात. मागाचा पत्ता नसतो, पुरावा नसतो. त्या पालात आपल्यासारख्याच बाया असतात. त्यांची भांडी रस्त्यावर फेकली जातात, पोरं घाबरून लपतात. आणि खरा चोर मात्र त्या गोंधळात निवांत निघून जातो. जुन्या जागल्यानंसुद्धा माग काढल्याशिवाय दुसऱ्या गावावर बोट ठेवलं नव्हतं.

तर या इतिहासातून आपल्या गटानं काय घ्यायचं? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली, राखण वाटून घ्या आणि तिचा मोबदला ठरवा. गिरणीपाशी राहणाऱ्या एकीवरच सगळा भार टाकायचा आणि तिला कौतुकाशिवाय काही द्यायचं नाही, ही गावकुसाबाहेरच्या जागल्याचीच गत झाली. पेटीची किल्ली एकीकडे, पेटी दुसरीकडे, वही तिसरीकडे, असं ठेवलं तर कुणा एकीवर संशयही येत नाही.

दुसरी, नुकसान झालं तर ते कसं वाटायचं, हे चोरी होण्याआधी ठरावात लिहा. नंतर ठरवायला बसलं की भांडण होतं आणि गट फुटतो. मोटारीवरचा नंबर, खरेदीचं बिल, शेळ्यांच्या कानातल्या बिल्ल्यांचे नंबर वहीत लिहून ठेवा. विम्यासाठी हाच आपला माग आहे.

तिसरी, अनोळखी माणसाला हुंडी वटवून देऊ नका. आज हुंडीच्या जागी मोबाईल आहे. बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला ओटीपी सांगणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात गटाची थैली देणं. कुणी फसलंच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाटेत अडवण्याची शक्यता जास्त. ओल्या मातीतला माग ताजा असतानाच सापडतो, तसंच हे.

आणि चोरी झालीच, तर पोलीस पाटलांना सांगा, ठाण्यात जाऊन तक्रार लिहून द्या. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या. ती प्रत हातात येईपर्यंत कुणाचंही नाव गावात फिरवू नका. जमाव पालाकडे निघाला तर आपल्या गटातल्या चार जणींनी वाटेत उभं राहून विचारायचं, "माग कुठे आहे, दाखवा."

पुढच्या बैठकीत ही तिन्ही कामं विषयपत्रिकेवर घ्या. आपल्या गावात राखणीचं काम पूर्वी कोणाकडे होतं, हे जुन्या माणसांना विचारा. त्या घरातली एखादी बाई गटात नसेल, तर तिला बैठकीला बोलवा.