तळटीप १७ : ‘ओर्लेआँचा कैदी’

१७. ओर्लेआँचा ड्यूक शार्ल (१३९४–१४६५), व्हालवा राजघराण्यातला, फ्रान्सचा राजा सहावा शार्ल याचा सख्खा पुतण्या. १४०७ मध्ये पॅरिसच्या रस्त्यात वडिलांचा खून झाला आणि कोवळ्या वयात ड्यूकपद अंगावर पडले. अजँकूरच्या लढाईत (२५ ऑक्टोबर १४१५) तो इंग्रजांना प्रेतांच्या ढिगाखाली जिवंत सापडला.

मजकुरातली ‘पंचवीस वर्षे’ ती हीच, इंग्लंडमधल्या कैदेची. गादीच्या इतक्या जवळच्या माणसाला सोडू नये, अशी ताकीद पाचवा हेन्री मरताना देऊन गेला होता. सुटका झाली ती १४४० मध्ये.

या बंदिवासात तो कवी म्हणून घडला, आणि त्याची खरी थोरवी तीच. त्याच्या कवितांची वही, काही पाने त्याच्याच अक्षरातली, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

त्याचा मुलगा १४९८ मध्ये बारावा लुई म्हणून फ्रान्सच्या गादीवर बसला.