मोनास्ट्रेल : एका स्पॅनिश द्राक्षवाणाच्या प्रतिष्ठेचा ऐतिहासिक मागोवा

नीळ, कापूस, ऊस यांच्या इतिहासाने व्यापार व वसाहतवाद यांच्या अभ्यासात मोलाची भर घातली आहे. द्राक्षाच्या एखाद्या वाणाकडे मात्र आपल्याकडील इतिहासाचे अभ्यासक क्वचितच वळतात. तो विषय कृषिशास्त्राचा किंवा चवीने पिणाऱ्यांचा मानला जातो. प्रस्तुत लेखात स्पेनच्या आग्नेय भागातील मोनास्ट्रेल या काळ्या द्राक्षाविषयी एक मुद्दा मांडावयाचा आहे. विसाव्या शतकात या वाणाला जी हलकी प्रतिष्ठा प्राप्त झाली, ती त्याच्या गुणधर्मांतून आलेली नसून व्यापाराच्या रचनेतून आलेली आहे.

मुर्सिया प्रांतातील खुमिया आणि येक्ला तसेच शेजारचा आलिकांते हा या वाणाचा मुख्य प्रदेश होय. खुमियात वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. जमीन चुनखडीची, काही ठिकाणी वालुकामय. नाशिक-सांगलीकडील मांडव पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला तेथील जुनी बाग ही बाग वाटणारच नाही. आधाराविना वाढवलेली, गुडघाभर उंचीची, एकमेकींपासून दूर लावलेली ही झुडपे कोरडवाहू शेतीतील पिकासारखी दिसतात. मणी लहान, साल जाड आणि फळ उशिरा पिकणारे. त्यामुळे वाईन गडद, दाट व तुरट होते आणि तिच्यातील मद्यार्काचे प्रमाण सहज १४ टक्क्यांपर्यंत जाते. हा दाटपणाच पुढे या वाणाच्या मुळावर आला.

नावांचा प्रश्न प्रथम पाहणे आवश्यक आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सेस्क एइशिमेनिस या कॅटलान लेखकाने मोनास्ट्रेलचा उल्लेख केलेला आहे. हे नाव मठ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले असावे, असे मानतात. हेच द्राक्ष फ्रान्समध्ये मूर्वेद्र म्हणून ओळखले जाते, आणि ऑस्ट्रेलिया व कॅलिफोर्नियात त्याला दीर्घकाळ मातारो म्हणत. मूर्वेद्र हे नाव वॅलेन्सियाजवळील मुर्विएद्रो या गावाशी, तर मातारो हे बार्सिलोनाजवळील त्याच नावाच्या बंदराशी जोडले जाते. मुर्विएद्रो म्हणजे हॅनिबलने इ. स. पूर्व २१९ मध्ये वेढा घातलेले प्राचीन सागुंतुम; १८६८ मध्ये त्या गावाने सागुंतो हे आपले जुने नाव पुन्हा धारण केले. गावाने मधले नाव टाकले, द्राक्षाने मात्र परदेशात ते जपले. परक्या भूमीत या वाणाची ओळख ज्या नावांनी झाली, त्यांत मूळच्या शेतकऱ्याचे नाव नव्हते, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

तरीही हे द्राक्ष प्रारंभापासून दुय्यम मानले जात होते, असे म्हणता येत नाही. आलिकांतेची फोंदियोन ही वाईन वेलीवरच अतिपक्व झालेल्या मोनास्ट्रेलपासून बनते. तिच्यात बाहेरून मद्यार्क मिसळत नाहीत आणि ती किमान दहा वर्षे लाकडी पिंपात मुरवतात. आलिकांतेच्या वाईनला युरोपच्या प्रतिष्ठित वर्तुळांत शतकानुशतके मान होता. अलेक्झांडर द्यूमाच्या 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' या कादंबरीतही तिचा पाहुणचार केला जातो. गुणवत्तेचा पुरावा याहून वेगळा कोणता हवा?

हे चित्र पालटले ते एका किडीमुळे. मूळ उत्तर अमेरिकेतील फायलोक्झेरा हा मुळे पोखरणारा सूक्ष्म कीटक १८६० च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये पोहोचला. १८६८ मध्ये प्लांशाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधून काढला, तोवर बागा वाळू लागल्या होत्या. फ्रान्सला वाईन आयात करणे भाग पडले. १८८२ च्या फ्रान्स-स्पेन व्यापार कराराने जकात कमी झाली आणि स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदरांतून गडद, कडक वाईनची पिंपे फ्रान्सकडे जाऊ लागली. तेथील पातळ वाईनला रंग व जोर देणे, एवढेच या मालाचे काम होते. पिंपावर वाणाचे नाव असण्याचे कारणच नव्हते. १८९२ मध्ये सवलती संपल्या. परंतु मिश्रणासाठी घाऊक माल पुरवण्याची घडी कायम राहिली. शेतकऱ्याला भाव मिळे तो वजनावर आणि साखरेच्या अंशावर. अशा व्यवस्थेत कोणता शेतकरी चवीसाठी उत्पादन घटवील?

दरम्यान फ्रान्समध्ये उलटाच प्रकार घडला. किडीवर उपाय म्हणून अमेरिकन खुंटावर कलमे बांधण्यात आली, पण मूर्वेद्रचे कलम त्या खुंटांवर नीट जुळेना आणि प्रोव्हान्समधून हा वाण मागे हटला. (महाराष्ट्रातील डॉगरिज हा खुंटही अमेरिकन कुळातलाच; आपल्याकडे तो स्वीकारला गेला तो क्षार व पाणीटंचाई यांसाठी.) पुढे बांदोल येथील बागायतदारांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. १९४१ मध्ये बांदोलला स्वतंत्र नामांकन मिळाले आणि मूर्वेद्र हा तेथील उंची वाईनचा कणा ठरला. एकच द्राक्ष, पण बांदोलमध्ये कुलीन आणि खुमियात घाऊक! हा भेद केवळ माती आणि हवामान यांनी स्पष्ट होत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

खुमियाच्या वालुकामय जमिनीत फायलोक्झेराला थारा मिळत नाही. त्यामुळे १९६६ मध्ये खुमियाला नामांकन मिळाले, तेव्हाही तेथील कितीतरी वेली स्वतःच्या मुळांवरच उभ्या होत्या. शतकभर दूर राहिलेली कीड १९८९ मध्ये अखेर तेथे पोहोचली आणि उत्पादन झपाट्याने घसरले. नव्याने लागवड करणे अटळ झाले. या आपत्तीतच काही उत्पादकांनी कलमी बागा लावताना घाऊक विक्री सोडून स्वतःच्या नावाने बाटल्या भरण्याचा मार्ग धरला, आणि मोनास्ट्रेल हे नाव प्रथमच ठळकपणे बाटलीवर दिसू लागले.

कलम न केलेल्या वेलींना तेथे 'पिए फ्रांको' म्हणतात. त्यांचे उत्पन्न अत्यल्प असते. अतिरिक्त वाईन कमी करण्यासाठी युरोपीय संघाने २००८ नंतर तीन हंगाम बागा उपटण्यास अनुदान दिले, तेव्हा वृद्ध मालकाच्या दृष्टीने अशी वेल राखण्यापेक्षा उपटणेच हिशेबी होते. ज्या वेली वाचल्या, त्यांच्या वाईनवर आता 'पिए फ्रांको' हे शब्द अभिमानाने छापले जातात आणि तिला कलमी वेलींच्या वाईनपेक्षा अधिक भाव मिळतो.