जंतुजन्य हृदंतःस्तरशोथातील नेत्रविकार

हृदयाच्या आतील अस्तराला, विशेषतः झडपांना, सूक्ष्मजंतूंचा संसर्ग झाल्यास त्यांवर फायब्रिन, बिंबाणू व जंतू यांचे ठिसूळ पुंज वाढतात. त्यांचे तुकडे सुटून रक्तप्रवाहाबरोबर मेंदू, वृक्क, प्लीहा व डोळा यांत अडकतात. यांपैकी डोळ्यातील बारीक वाहिन्याच जिवंत रुग्णात प्रत्यक्ष पाहता येतात. म्हणून या रोगाच्या इतिहासात डोळ्याला वेगळे महत्त्व आले.

अशा वाहत्या गुठळीने वाहिनी बंद होण्याच्या क्रियेला अंतर्कीलन म्हणतात. ही कल्पना रूडोल्फ फिरखो यांनी १८४०–५० या दशकात मांडली. झडपांवरील पुंज सुटून दूरच्या रोहिण्या बंद करतात, हे सेनहाउस कर्क्स यांनी लंडनमध्ये १८५२ साली दाखविले. त्याआधी एक वर्ष हेल्महोल्ट्स यांनी दृष्टिपटल पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले होते. त्याच्या साहाय्याने आल्ब्रेक्ट फोन ग्रेफ यांनी १८५९ मध्ये हृदंतःस्तरशोथाच्या एका रुग्णाला एकाएकी आलेल्या अंधत्वाचे कारण दृष्टिपटलाच्या मध्य रोहिणीचे अंतर्कीलन हे असल्याचे सांगितले. झडपांवरील पुंजांत सूक्ष्मजीव असल्याचे नॉर्वेतील विंगे यांच्या निदर्शनास आले ते मात्र १८६९ मध्ये.

मोरिट्झ रोट यांनी १८७२ साली जंतुरक्तताग्रस्त रुग्णांच्या दृष्टिपटलावरील रक्तस्राव व पांढरे ठिपके यांचे वर्णन केले. पण ही दोन लक्षणे त्यांनी वेगवेगळी नोंदविली होती. मध्यभागी पांढरा असलेला रक्तस्राव या रोगात वर्णन करून त्याला रोट यांचे नाव दिले ते लिटेन यांनी, १८७८ मध्ये. श्रेय असे थोडे आडवाटेने मिळाले. हा पांढरा भाग जंतूंचा पुंज असावा असे पुष्कळ काळ मानले जाई. आता तो बहुधा फायब्रिन व बिंबाणूंचा असतो असे समजतात. रक्तार्बुद, पांडुरोग व मधुमेह यांतही असे ठिपके आढळतात. त्यामुळे ड्यूक निकषांत (१९९४, सुधारित २०२३) त्यांना गौण स्थान आहे.

खरा धोका निराळा असतो. तुकड्यातील जंतू डोळ्यातच वाढले, तर आत पू होऊन दृष्टी जाते. या रक्तवाही नेत्रशोथाचा विस्तृत अभ्यास आक्सेनफेल्ट यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केला. परंतु त्या काळी मूळ हृद्‌रोगच जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरे. ब्रुकलिनमध्ये लोव व सहकाऱ्यांनी १९४४ साली पेनिसिलीन व हेपारीन देऊन सात रुग्ण बरे केल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा रुग्ण जगू लागले व डोळा वाचविण्याचा प्रश्न पुढे आला. रक्त व दृष्टिपटल यांमधील रोधामुळे शिरेतून दिलेली अनेक प्रतिजैविके काचाभ द्रवात पुरेशी पोहोचत नाहीत. यामुळे ती डोळ्यात थेट टोचावी लागतात. कधीकधी पूमिश्रित द्रव शस्त्रक्रियेने काढतात. काही रुग्णांत धूसर दिसणे व डोळा लाल होणे हीच पहिली तक्रार असते. अशा वेळी साधा नेत्रशोथ समजून केवळ स्टेरॉइडे दिली गेल्यास झडपेवरील संसर्ग वाढत राहतो.