बालचित्र आणि यथादर्शन

लहान मूल चित्रात वस्तू दिसते तशी काढण्याऐवजी माहीत असते तशी काढते. फ्रेंच अभ्यासक झॉर्झ-आंरी ल्यूके यांनी १९२७ मध्ये याला ‘बौद्धिक वास्तववाद’ म्हटले. एका जागेवरून दिसणारे दृश्य रेखाटणे, म्हणजे ‘दृश्य वास्तववाद’, साधारण आठ-नऊ वर्षांनंतर येतो.

बारामती-इंदापूरच्या मुलांना याचे ओळखीचे उदाहरण वारीतल्या रिंगणाचे. तुकोबांच्या पालखीचे गोल रिंगण इंदापूर तालुक्यातील बेलवाडीस होते. कडेला उभ्या मुलाला ते चपटे, लंबगोल दिसते. पण चित्रात वर्तुळ पुरे गोल येते आणि भोवतीचे वारकरी पाय आत, डोकी बाहेर करून आडवे पडल्यासारखे दिसतात. ल्यूके यांनी अशा उलगडून मांडण्याची स्वतंत्र नोंद केली आहे. ही चूक मानू नये: रिंगण गोल असते, हे मुलाने बरोबर सांगितलेले असते.

मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे व बेर्बेल इनहेल्डर यांनी १९४८ मध्ये तीन डोंगरांच्या प्रतिकृतीवरून दाखवले, की लहान मुले दुसऱ्या जागी ठेवलेल्या बाहुलीलाही आपल्यासारखेच दृश्य दिसते असे मानतात. मात्र चित्रावरून थेट समज मोजणे धोक्याचे. संशोधक फ्रीमन व जॅनिकून यांच्या १९७२ च्या प्रयोगात कपाचा कान मागे लपवला, तरी लहान मुलांनी तो काढलाच; म्हणजे चित्रात दिसते त्यापेक्षा माहीत असते तेच आले.

महाराष्ट्रात शासकीय रेखाकला परीक्षांपैकी एलिमेंटरीत वस्तुचित्र, तर इंटरमिजिएटमध्ये स्थिरचित्र हा विषय असतो. तेथे यथादर्शन, म्हणजे एका जागेवरून दिसते तसे रेखाटणे, शिकवून येते. त्याआधीच्या वयात शिक्षकांनी मुलाचे गोल रिंगण पुसून दुरुस्त करू नये.