‘मीडिया ऑमिटेड’: बंद शाळेच्या पालक-गटाचा इतिहास कसा वाचायचा?

मागच्या महिन्यात पेट परीक्षेची तयारी करणाऱ्या एका वाचकाने विचारलं, "कोविडकाळातली प्राथमिक शाळा हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का? की तो शिक्षणशास्त्रवाल्यांचा?" माझ्या गाईडनी पहिल्या भेटीत जवळजवळ हेच विचारलं होतं. "हे कालचं आहे गं, त्याला इतिहास कसा म्हणायचा?" तेव्हा मी काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. आज विचारलं तर सांगेन, की कालचं आहे म्हणूनच घाई आहे. याची साधनं दफ्तरखान्यात नाहीत. ती लोकांच्या फोनमध्ये आहेत आणि फोन दर तीन-चार वर्षांनी बदलतो.

आधी तारखा नीट डोक्यात ठेवा, कारण ‘शाळा दोन वर्षं बंद होत्या’ असं ढोबळ लिहून चालत नाही. महाराष्ट्रात मार्च 2020 च्या मध्यात शाळा बंद झाल्या आणि पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग 23 नोव्हेंबर 2020 पासून आणि पाचवी ते आठवीचे 27 जानेवारी 2021 पासून उघडायला लागले, पण दुसऱ्या लाटेत तेही पुन्हा बंद पडले. या सगळ्यात पहिली ते चौथी कुठेच नव्हती. ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग अधिकृतपणे उघडले ते 1 डिसेंबर 2021 ला. आणि जानेवारी 2022 मध्ये ओमायक्रॉनमुळे पुन्हा काही दिवस कुलूप. म्हणजे जून 2020 ला पहिलीत नाव घातलेलं मूल वर्गात पहिल्यांदा बसलं तेव्हा ते दुसरीत होतं, आणि दुसरीचंही निम्मं वर्ष संपत आलं होतं. माझा प्रबंध या मुलांबद्दल आहे. नेमकं सांगायचं तर, त्यांचं घर आणि त्यांची शाळा या काळात एकमेकांशी कसं बोलत होते याबद्दल.

आता इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे एक गोष्ट लगेच जाणवायला हवी. 1896 साली मुंबईत प्लेग आला, तेव्हाच्या शाळांबद्दल आपण मुख्यतः शिक्षण खात्याच्या वार्षिक अहवालांतून वाचतो. पट किती, हजेरी किती, खर्च किती. घरच्यांनी मास्तरांना काय सांगितलं, मास्तरांनी निरोप कुणाबरोबर धाडला, हे त्यात जवळपास येत नाही, कारण ते बोलणं तोंडी होतं. ते अगदी 2020 पर्यंत तोंडीच राहिलं. शाळेच्या फाटकात, आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर. मार्च 2020 नंतर हे बोलणं एकाएकी फोनवर आलं आणि लेखी झालं. खेड्यातल्या प्राथमिक शाळेच्या इतिहासात घर आणि शाळा यांच्या रोजच्या बोलण्याचा माग राहावा, असं पहिल्यांदाच घडलं. मी सुरुवातीला या कल्पनेने इतकी हुरळून गेले होते, की हे साधन नक्की कुणी, कुणासाठी तयार केलं हे विचारायचंच विसरले.

एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींनी पालकांच्या व्हॉट्सॲप गटाचा एक्स्पोर्ट मला दिला. (गावाचं नाव देत नाही, प्रबंधातही देणार नाही.) फाइल उघडली तर रोज सकाळी ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या राज्याच्या उपक्रमातला अभ्यास, दीक्षा ॲपची लिंक, जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवरच्या ‘टिलीमिली’ची वेळ, मध्येच कुणाचा तरी सुप्रभात, कुणाच्या तरी वडिलांचं भावपूर्ण श्रद्धांजली, आणि त्याखाली अंगठे. ढीगभर अंगठे. आणि त्यांच्यामध्ये शेकडो वेळा एकच ओळ: मीडिया ऑमिटेड.

ही ओळ काय आहे ते समजून घ्या, कारण तुमच्यापैकी पुष्कळजण असं साधन वापरणार आहात. मीडियाशिवाय एक्स्पोर्ट केलं की फोटो, व्हिडिओ आणि आवाजाचे निरोप गळतात आणि त्यांच्या जागी ही ओळ येते. आता पहिली-दुसरीतलं मूल गटावर टाइप करत नाही. ते वाचून दाखवतं, कविता म्हणतं, पाटीवर काढलेलं दाखवतं. म्हणजे गटात मूल जिथे जिथे होतं, तिथे तिथे ते माझ्या फाइलमधून गळलं होतं. उरलं होतं ते मोठ्यांचं बोलणं. त्यातही कुणी काय पाहिलं, कधी पाहिलं ही माहिती एक्स्पोर्टमध्ये येतच नाही, ती गुरुजींच्या फोनमध्येच राहते.

माझी मोठी चूक मात्र याच्याही पुढची आहे. ती सांगते, म्हणजे तुमचे निदान सहा महिने वाचतील. ज्या क्रमांकांवरून वर्षभरात एकही उत्तर आलं नाही, त्यांची मी यादी केली आणि प्रकरणाच्या कच्च्या खर्ड्यात त्या कुटुंबांना ‘संपर्काबाहेर’ असं नाव दिलं. तक्ता छान दिसत होता. चर्चासत्रात तो दाखवलासुद्धा. मग त्या यादीतल्या एका आईला भेटायला गेले, तर त्या म्हणाल्या, "अहो ताई, संपर्काबाहेर कोण? मी तर दर खेपेला गुरुजींना वही दाखवून यायचे."

फोन त्यांच्या मालकांचा. मालक टेम्पोवर, रात्री उशिरा घरी. गटावर काय आलं ते शेजारची जाऊ सांगायची आणि पुतण्या कागदावर लिहून द्यायचा. मुलगी ते करायची. आणि शाळेत पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ वाटायची तारीख लागली, की ही बाई पिशवीत वही घालून न्यायची. शाळा बंद असल्यामुळे शिजवलेल्या जेवणाऐवजी कोरडा शिधा पालकांकडे दिला जात होता, हे तुम्हाला आठवत असेल. गुरुजी व्हरांड्यात अंतर ठेवून बसलेले असायचे. तिथेच वही तपासायचे, पुढचं काय करायचं ते सांगायचे.

मी गुरुजींकडे शिधा वाटपाची नोंदवही मागितली. तिच्यात मुलाचं नाव, वजन, तारीख आणि घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. गटातल्या सदस्यांची यादी आणि ही नोंदवही शेजारी शेजारी ठेवून बघितली आणि मला माझ्याच तक्त्याची लाज वाटली. गटात बहुतेक बापांचे क्रमांक. नोंदवहीत बहुतेक आया, एखादी आजी. एकच शाळा, तीच मुलं, तेच महिने, पण एका साधनातून पाहिलं तर घर म्हणजे बाप आणि दुसऱ्यातून पाहिलं तर घर म्हणजे आई. माझ्या ‘संपर्काबाहेर’ कुटुंबांपैकी बरीचशी या वहीत नियमित हजर होती.

मग गटातले ते अंगठे कसले? मी ते ‘अभ्यास मिळाला’ असे मोजले होते. गुरुजी हसले. म्हणाले, "मॅडम, वरून रोज आकडा मागायचे, आज किती मुलांपर्यंत अभ्यास पोचला. म्हणून मीच सांगितलं होतं, बघितलं की अंगठा टाका." म्हणजे हा संवाद नव्हता, ही हजेरी होती. आणि ती मुलाची नव्हती, फोनची होती. आपल्या भाषेत अंगठाबहाद्दर हा शब्द सही न येणाऱ्यासाठी आहे. इथे मात्र नोंदवहीत शाईचा अंगठा उठवणारी आजी अभ्यास विचारून जात होती आणि फोनवर पिवळा अंगठा उमटवणारा शिकला-सवरलेला बाप कदाचित संदेश उघडतही नव्हता. सगळेच असे होते असं मी म्हणत नाही. रात्री साडेदहाला पाटीचा फोटो टाकणारे बापही त्याच गटात आहेत. ती वेळ पाहिली की कामावरून आलेला माणूस आणि त्याची वाट बघत जागं राहिलेलं मूल दिसायला लागतं.

आकडे वापरतानाही हीच सावधगिरी बाळगा. ‘असर’च्या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या मुलांचं प्रमाण 2018 मध्ये 36.5 टक्के होतं, ते 2020 मध्ये 61.8 टक्के झालं. हा आकडा सगळे देतात. 2021 च्या पाहणीतला दुसरा आकडा कमी दिला जातो: घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी 26.1 टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. घरात फोन असणं आणि मुलाच्या हातात फोन असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधलं अंतर कुणी, कसं भरून काढलं हे कुठल्याच पाहणीच्या रकान्यात मावत नाही. सोलापुरात निलमनगर या यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले ते यासाठीच. तिथे निदान भिंतीचे फोटो आहेत. जावेने सांगितलेल्या निरोपाचा फोटो कुणी काढणार?

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांबद्दल वेगळं लिहीन, तो विषय मोठा आहे. एवढंच सांगते, की त्यांच्या बाबतीत फोनने काही ठिकाणी उलटंही केलं. एरवी दिवाळीनंतर कोप्यांवर गेलेलं मूल हजेरीपत्रकातून दिसेनासं व्हायचं. त्या वर्षी गुरुजी त्याला फडातल्या बापाच्या फोनवर गाठू शकत होते, रिचार्ज असेल तोवर.

परवानगीचा प्रश्न राहिला. गटाचा एक्स्पोर्ट गुरुजींनी दिला, पण तो त्यांचा एकट्याचा होता का? त्यात पालकांचे क्रमांक आहेत, मुलांची नावं आहेत, एका घरातल्या मृत्यूची बातमी आहे, फी नसलेल्या शाळेतही पैशांची अडचण सांगणारे दोन केविलवाणे संदेश आहेत. नैतिकता समितीच्या फॉर्मवर ‘संमती घेतली’ अशी एक चौकट होती आणि मी तिच्यात बरोबरची खूण केली होती, गुरुजींच्या जोरावर. आता मी प्रत्येक घरी जाऊन पुन्हा विचारते आहे. दोघांनी नको म्हटलं. त्यांचे संदेश मी काढून टाकले आणि त्यातला एक माझ्या सगळ्यात आवडत्या परिच्छेदाचा आधार होता. तो परिच्छेदही गेला. तुम्ही हे काम सुरुवातीलाच करा. शेवटी केलं तर जास्त जड जातं.

आणि आवाजाचे निरोप मिळवायचा प्रयत्न सोडू नका. गुरुजींच्या फोनची जागा भरली म्हणून त्यांनी 2022 मध्ये सगळं पुसलं होतं. पण त्या वही नेणाऱ्या ताईंना विचारलं तेव्हा त्यांनी ट्रंकेतून एक फुटक्या काचेचा फोन काढला. मुलीने पहिल्यांदा अडखळत सबंध धडा वाचला तो मालकांनी रात्री रेकॉर्ड करून ठेवला होता. गटावर पाठवायचा राहून गेला, म्हणून गुरुजींनी पुसल्यातून वाचला. फोन चार्ज होत नाही. मुलीला विचारलं तर तिला काहीच आठवत नाही, ती लाजून आत पळाली. पुढच्या फेरीत तो फोन तालुक्याला दुरुस्तीला न्यायचं ठरलंय. ताई म्हणाल्या, "एकटं नेऊ नका, मीपण येते. मलाही ऐकायचंय."