पपनसाचं सरबत आणि सोमलाची पुडी

9 नोव्हेंबर 1874 रोजी सकाळी बडोद्याचे रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेर फेरफटका मारून परतले आणि नेहमीच्या पपनसाच्या सरबताचे दोन-तीन घोट घेतले. मळमळू लागलं, तेव्हा उरलेलं त्यांनी फेकून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉ. सीवर्ड यांनी तो तपासला आणि मग मुंबई सरकारचे रासायनिक परीक्षक डॉ. ग्रे यांच्याकडे पाठवला. गाळात सोमल निघाला, सोबत एक चकाकती कठीण पूड. ती हिऱ्याची, असं सरकार पक्षाचं म्हणणं.

जानेवारीत बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांना अटक झाली.

पेल्यात काय होतं ते कळलं, पण कुणाच्या हुकमावरून पडलं? तिथे साऱ्या खटल्याचा भार साक्षीदारांवर आला. त्यांपैकी रेसिडेन्सीतले रावजी हवालदार आणि महाराजांचे चिटणीस दामोदरपंत हे माफीचे साक्षीदार. रावजीच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली, तीही डिसेंबरअखेरीस, पोलिसांच्याच हातून! महाराजांचे वकील सार्जंट बॅलंटाइन यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. चौकशीसाठी नेमलेल्या सहा जणांच्या आयोगात तिन्ही इंग्रजांनी आरोप सिद्ध धरला. ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव यांनी धरला नाही. सरकारने एप्रिल 1875 मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं ते गैरकारभाराच्या कारणावरून.

आज सोमलाच्या जागी डीएनए आहे. ब्रिटनने 1995 मध्ये गुन्हेगारी तपासासाठी राष्ट्रीय डीएनए-संग्रह उभारला आणि जुन्या, थंड पडलेल्या प्रकरणांतले गुन्हेगारही त्यातून सापडले. ही ताकद खरी आहे. पण जर्मनीतल्या हाइलब्रॉनची गोष्टही तितकीच खरी. तिथे 2007 मध्ये एका महिला पोलिसाचा खून झाला. तिथला डीएनए आणखी कितीतरी गुन्ह्यांच्या जागी सापडलेल्या डीएनएशी जुळला आणि पोलिस एका अज्ञात स्त्रीचा माग काढत राहिले. 2009 मध्ये उलगडा झाला: तो डीएनए नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्या हाताळणाऱ्या कामगार स्त्रीचा होता. रावजीच्या पट्ट्यातल्या पुडीबद्दल बॅलंटाइन हेच विचारत होते, ती तिथे आली कशी?

भारतात 2019 चं डीएनए विधेयक 2023 मध्ये मागे घेतलं गेलं. मात्र 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने जैविक नमुने घेण्याची आणि त्यांचं विश्लेषण करण्याची मुभा दिली आहे. नोंदी 75 वर्षं राहू शकतात. इतक्या दीर्घ संग्रहाला स्वतंत्र, कडक कायदा हवा. नमुना कुणी घेतला, कुणी सील केला, कुठे ठेवला, याची लेखी साखळी आरोपीच्या वकिलाला पाहायला मिळालीच पाहिजे.