पाच रुपये कोणी दिले?

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तोफा आणि राज्याभिषेक उभे राहतात. परंतु जानेवारी १९८८ मध्ये दूरदर्शनवरील ‘तमस’ मालिकेतून जो इतिहास आपल्या घरांत आला, त्यात ना विजय होता, ना विजेता. होते ते १९४७ सालचे, फाळणीच्या उंबरठ्यावरील पंजाबातले एक शहर आणि पाच रुपयांसाठी रात्रभर डुकराशी झुंजणारा, कातडी कमावणारा नथू. गुरांच्या डॉक्टरला ते हवे आहे, असे त्याला सांगितलेले असते. पुढे ते कलेवर मशिदीच्या पायरीवर सापडते आणि शहर पेटते.

अशाने पुन्हा दंगे उसळतील, ह्या भीतीने प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती लेंटिन व न्यायमूर्ती सुजाता मनोहर ह्यांनी मालिका स्वतः पाहिली आणि प्रक्षेपणास मोकळीक दिली. फेब्रुवारी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती बंद करण्यास नकार दिला.

न्यायालयाचा प्रश्न मिटला. आपला मिटत नाही. जुनी जखम उघडून पाहावी कशाला? नथू कल्पित आहे, हे खरे. परंतु मार्च १९४७ मध्ये रावळपिंडी जिल्ह्यातील खेडी जळाली, थोहा खालसा येथे शीख स्त्रियांनी विहिरीत उड्या घेतल्या, हे कल्पित नव्हे. असे काही पाहताना आपले मन लागलीच हिशेब मांडू लागते : आधी कोणी मारले? अधिक कोणाचे मेले? ह्या हिशेबात नथूला जागाच नसते. वस्तुतः अपराधाने पोळतो तो एकटा नथू. त्याला पाच रुपये देणारा मुरादअली मात्र कादंबरीच्या अखेरीस शांततेच्या मोटारीत पुढे बसून ऐक्याच्या घोषणा देतो.

कादंबरीकार भीष्म साहनी रावळपिंडीचे. तेथील दंगे त्यांनी पाहिले होते. तरी ते लिहावेसे वाटले १९७० साली भिवंडीतील दंग्यांनंतरची उजाड वस्ती पाहिल्यावर. पंजाबातला तो काळोख त्यांना पुन्हा भेटला, तो आपल्या मुंबईपासून हाकेच्या अंतरावर!

म्हणून हा इतिहास पाहावयाचा, तो परक्यांची पापे मोजण्यासाठी नव्हे. उद्या आपल्या आळीत एखादी अफवा आली, तर काठी शोधण्यापूर्वी एवढेच विचारता यावे : पाच रुपये कोणी दिले?